'बरा' म्हणजे काय

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. हे मी कुठेही सांगतो, विचारलं तरी आणि न विचारलं तरी. आईबापांनी मिठागरावर मीठ ओढलं आणि मला शिकवलं, यात लाजायचं काय? उरणच्या अलीकडे खाडीकाठी आमचं गाव. आता तिथे मिठागर नाही, भराव आहे आणि भरावावर कंटेनर रचलेले आहेत. पण माझ्या लहानपणी थंडी संपली की पाऊस लागेपर्यंत सगळं गाव मिठात असायचं.

बी.एस्सी.ची पदवी मी कॉलेजच्या खिडकीवर सही करून घेतली. समारंभ मार्चमध्ये होता, म्हणजे ऐन हंगामात, आणि हंगामात दोघांनी मिळून खाडा करणं आमच्याकडे सख्ख्यांच्या लग्नालासुद्धा जमत नसे. मी एकटा स्टेजवर जाऊन काय करू, म्हणून मीही गेलो नाही. पुढे कॅनडात आलो. हॅमिल्टनला पाणी तपासणाऱ्या एका लॅबमध्ये नोकरी धरली आणि नोकरी सांभाळत, एकेक विषय करत, पाच वर्षांत मास्टर्स पूर्ण केलं. त्याचा समारंभ जूनमध्ये होता. मधल्या काळात वडील गेले. आई आहे. आईने मला कुठल्याही स्टेजवर काहीही घेताना पाहिलेलं नव्हतं, आणि या वेळी तिने ते पाहावं एवढीच माझी इच्छा होती. एवढीच म्हणतो, पण तेव्हा माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

आईचा व्हिसा आला होता. धाकट्या बहिणीच्या सांगण्याप्रमाणे फेब्रुवारीपासून बॅग भरून कपाटाशेजारी उभी होती. तरी दर रविवारी फोनवर आई म्हणायची, "मना नाय जमाचा, बाला." विमान बदलायचं जमणार नाही, भाषा येत नाही, तिथे मला कोण ओळखतं. मग मी आग्रह करायचो. आमच्याकडे दुसऱ्यांदा भात वाढतानासुद्धा माणूस तीनदा नको म्हणतो, आणि चौथ्यांदा वाढलं नाही तर उपाशी उठतो आणि वर्षभर ते लक्षात ठेवतो. आईचं 'नको' त्यातलंच होतं. मला ते कळत होतं, तिलाही माहीत होतं की मला कळतंय. पाहुण्यांची नावं युनिव्हर्सिटीला कळवायची मुदत एप्रिलच्या सुरुवातीला होती. तोवर तिच्याकडून सरळ 'येते' वदवून घेऊ, असा माझा हिशेब.

त्याच्या आधीचा एक आठवडा आम्ही तिघं ट्युनिशियाला गेलो.

आम्ही तिघं म्हणजे हॅमिल्टनच्या एका बेसमेंटमध्ये दोन वर्षं एकत्र काढलेले भाडेकरू. एक पुण्याचा, तो आता मार्कहॅमला सॉफ्टवेअरमध्ये आहे. एक नागपूरची, ती माँट्रियलला गेली आणि तिथल्या ऑफिसपुरतं फ्रेंच शिकली. तिच्या टीममधले अर्धे लोक ट्युनिशियाचे. त्यांनीच तिच्या डोक्यात भरवलं की मार्चमध्ये तिथला किनारा पाहण्यासारखा असतो, ऊन असतं, गर्दी नसते. हॅमिल्टनमध्ये तेव्हा मी चौथ्यांदा ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढून त्यावर मीठ फेकत होतो. 'ऊन' हा शब्द ऐकून मी लगेच हो म्हटलं.

आता 'बरा' या शब्दाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे घडलं. आमच्या गावाकडच्या बोलीत 'झालं'चं 'झाला' होतं, 'घरात'चं 'घरान' होतं आणि 'बरं'चं 'बरा'. पनवेलच्या कॉलेजात पहिल्याच महिन्यात मला यावरून हसले, तेव्हा मी 'बरं' म्हणायला शिकलो आणि आजतागायत म्हणतो. पण आईशी बोलताना 'बरं' म्हटलं तर तिला वाटेल मी कुठल्यातरी साहेबाशी बोलतोय. तिच्याशी 'बरा'च. आणि फोनवर आई बोलत असते तेव्हा मी दर वाक्याला ते म्हणतो. त्याचा अर्थ एवढाच की मी ऐकतोय, तू बोल.

बेसमेंटमधल्या पहिल्या आठवड्यात पुणेकराने हे ऐकलं. फोन ठेवल्यावर त्याने काळजीने विचारलं, "कोण आजारी आहे रे घरी? सारखं बरा, बरा, बरा म्हणत होतास."

मी त्याला स्पष्ट सांगितलं की ही आमची भाषा आहे आणि तुला हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. तो हसला, आणि त्यानंतर त्यानेच हा शब्द उचलला. भांडी कुणी घासायची यावर वाद संपला की म्हणायचा, "बरा." ग्रोसरीला जाऊ का? बरा. तो चिडवायला म्हणतो की आवडतो म्हणून, हे मी कधी विचारलं नाही. आठ वर्षं झाली.

ट्युनिसहून निघून आम्ही किनाऱ्याने दक्षिणेकडे जात होतो. तिथे शेअर गाडीला लुआज म्हणतात. पांढरी व्हॅन, अंगावर लाल पट्टा, आठ माणसं भरली की सुटते, वेळापत्रक नाही. आमच्या गावच्या मिनिडोर रिक्षाची थोरली बहीण. मी स्टँडवर गेल्या गेल्या ओळखलं की पुढची सीट कशी पकडायची. पुणेकराला आठ माणसं कधी भरतील याचा अंदाज बांधता येत नव्हता आणि त्याला त्याचा त्रास होत होता. प्रवासाची तयारी सगळी त्याची. पासपोर्टच्या तीन-तीन प्रती, पॉवर बँक दोन, पोटासाठी गोळ्या, नकाशा फोनमध्ये आणि शिवाय कागदावर. नागपूरकर त्याला म्हणायची, "तू ना, घरून बाहेरच नको पडत जाऊ, सगळं घरीच मागवत जा."

स्फाक्स शहरातून आम्ही जेर्बा नावाच्या बेटाकडे निघालो तो दिवस. सकाळचे अकरा असतील. शहर संपलं आणि उजव्या-डाव्या हाताला काय यावं, तर मिठागर. चौकोनी वाफे, मधून बांध, काही वाफ्यांतलं पाणी गुलाबी झालेलं, आणि लांब पांढरे ढीग. ढिगांपलीकडे फ्लेमिंगो उभे होते. गाडीतले दोघं फ्लेमिंगो बघत होते. मी ढीग बघत होतो. मीठ कोरडं झालंय की अजून पाणी सोडतंय हे ढिगाच्या उतारावरून कळतं, आणि मला ते चालत्या गाडीतून कळलं. रसायनशास्त्राची दोन सर्टिफिकेटं आहेत माझ्याकडे, पण हे मी त्यात शिकलो नाही. मी फोन काढून खिडकीतून व्हिडिओ घेतला आणि बहिणीच्या फोनवर पाठवला. लिहिलं, आयेला दाखव.

दीडेक तासाने ड्रायव्हरने रस्त्याकाठच्या एका चहाच्या टपरीशी गाडी थांबवली. समोर समुद्र होता, अगदी सपाट, आमच्या खाडीत भरती थांबल्यावर असतो तसा. एक म्हातारं जोडपं तिथे कायमचंच उतरलं, त्यांचं घर जवळ असावं. बाकीचे पाय मोकळे करून परत चढले. नागपूरकर मागच्या सीटवर सामानाला टेकून, तोंडावर ओढणी घेऊन झोपली होती. पुणेकराने फोन तिच्याजवळच्या पॉवर बँकला लावला, जॅकेट सीटवर ठेवलं, त्यात त्याचा पासपोर्ट, आणि टिश्यूचा रोल घेऊन तो वॉशरूम शोधायला टपरीमागे गेला. मी पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी. तेवढ्यात आईचा फोन आला.

आईने व्हिडिओ बघितला होता आणि ती जोरात होती. ढीग असे उघडे ठेवतात? झाकत नाहीत? पाऊस आला तर? बांध मातीचे आहेत की सिमेंटचे? बायका दिसत नाहीत कामावर, मीठ ओढतं कोण? मला एकाचंही उत्तर माहीत नव्हतं. मी नेहमीप्रमाणे म्हणत होतो, बरा, बरा. मिठावरून ती तिच्या गुडघ्यावर आली, गुडघ्यावरून विमानावर. ड्रायव्हर येऊन बसला, त्याने गाडी सुरू केली आणि हनुवटीने रस्त्याकडे खूण करत मला काहीतरी विचारलं. मी त्याच्याकडे बघून हसलो. कानात आई बोलत होती.

"मी नको येव. तू तुजा सर्टिफिकेट घे न फोटो पाठव. समजला ना?"

"बरा," मी म्हटलं. "बरा, बरा."

आईने फोन ठेवला. गाडी सुटली. आई काय म्हणाली आणि ड्रायव्हर काय म्हणाला, यातलं काहीही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. मी पुन्हा समुद्राकडे बघत बसलो आणि मला फार बरं वाटत होतं.

वीस मिनिटांनी मागून आवाज आला, "काय बे, हा कुठाय?"

मी वळून बघितलं. सीटवर जॅकेट होतं. फोन होता, चार्ज पूर्ण झालेला. माणूस नव्हता.

गाडी थांबली. नागपूरकर फ्रेंचमध्ये ड्रायव्हरवर तुटून पडली. तो बिचारा दोन्ही हात वर करून माझ्याकडे बोट दाखवायला लागला आणि जे बोलला त्यातला एक शब्द मला स्वच्छ कळला. तो म्हणाला, बर्रा. मग माझी नक्कल करत, फोन कानाला लावल्यासारखा हात धरून, मान डोलावत, पुन्हा दोनदा. बर्रा, बर्रा.

नागपूरकरने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळली. तिकडच्या अरबीत बर्रा म्हणजे बाहेर. म्हणजेच चल, निघ, चालता हो. ड्रायव्हरने मला विचारलं होतं, तुमचा एक माणूस यायचाय, थांबू ना? आणि मी त्याच्या डोळ्यांत बघून, हसून म्हटलं होतं की निघ, निघ. त्याला ते जरा विचित्र वाटलं होतं. मागच्या सीटवरचे एक काका त्याला म्हणाले होते की मित्रांचं भांडण झालं असेल, आपण मध्ये पडू नये.

"तू काय बोलून राहिला होता फोनवर?" तिने मला विचारलं.

मी सांगितलं. तिला हसू आवरेना. तिने ते ड्रायव्हरला सांगितलं, ड्रायव्हरने मागच्यांना, आणि अख्खी गाडी हसायला लागली. मी हसत नव्हतो. एका माणसाला फोनशिवाय, पासपोर्टशिवाय, भाषेशिवाय मी रस्त्यात सोडलं होतं, आणि तोही असा माणूस, जो टोरांटोतसुद्धा दोन बॅटऱ्या घेऊन फिरतो.

ड्रायव्हर टपरीवाल्याला ओळखत होता. त्याने फोन लावला, बराच वेळ बोलला, आणि निरोप दिला की तुमचा माणूस चहा पितोय, मागून येणाऱ्या गाडीत त्याला बसवून देतो, तुम्ही धक्क्यावर थांबा. गाडी परत वळवता येत नव्हती, बाकीच्यांना फेरीबोट पकडायची होती. बेटावर जाणारी फेरी जोर्फ नावाच्या धक्क्यावरून सुटते. ड्रायव्हरने आमचं सामान तिथे उतरवलं, मला हात केला आणि म्हणाला, बर्रा. या वेळी मीही हसलो.

धक्क्यावर मासे उतरवत होते. आम्ही सामानावर बसलो, आणि बहिणीचा व्हॉइस मेसेज आला.

"दादा, आयेला तू नको येव बोल्लास? ती बॅग सोडतंय. कपडे परत कपाटान ठेवल्यान, सगले. काय झाला सांग तरी."

मी तो मेसेज दोनदा ऐकला. मग मला फोनवरचं संभाषण उलटं आठवायला लागलं. गुडघा, विमान, सर्टिफिकेट, फोटो. आणि शेवटी माझा आवाज. चौथ्यांदा वाढायची वेळ आली होती, आणि मी भात परत पातेल्यात टाकला होता.

लगेच फोन लावला. आई रागावलेली नव्हती, तेच वाईट होतं. तिचा आवाज अगदी सरळ होता.

"आये, मी फक्त ऐकत होतू."

"मंग ऐकलास ना? तूच बोल्लास बरा. एकदा नाय, दोनदा." आणि तिने फोन बहिणीला दिला.

ड्रायव्हरही हेच म्हणाला होता. दोन माणसांनी, दोन भाषांत, माझा एकच शब्द पकडला होता, आणि दोघांचंही बरोबर होतं. मी धक्क्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो. पाच वर्षं रात्रपाळीनंतर असाइनमेंट लिहिताना मी मनात एक चित्र धरलं होतं. हॉल, तिसरी-चौथी रांग, त्यात आईची साडी. आता ते नीट दिसेना. पुन्हा फोन करून गयावया करावी तर ती म्हणणार, आता कशाला. नागपूरकरही तेच म्हणाली. आत्ता आग्रह केला तर तो आग्रह वाटणार नाही, सारवासारव वाटेल, थोडं थांब.

पाऊण तासाने लुआज आली. पुणेकर पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या शेजारी. मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला पाव, हातात ऑलिव्ह तेलाची अर्धी बाटली. उतरला, दार नीट लावलं, ड्रायव्हरशी हात मिळवला, माझ्यासमोर आला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "बरा?"

मला त्याला मिठी मारायची होती, पण त्याच्या हातात तेल होतं.

त्याची हकिगत अशी. बाहेर आला तर गाडी नाही. आधी दहा मिनिटं तो आम्ही गंमत करतोय असं समजून उभा राहिला. मग घाबरला. टपरीवाल्याने त्याला खुर्चीत बसवलं, चहा दिला, आतून त्याची बायको पाव आणि तेल घेऊन आली. त्यांना इंग्रजी नाही, याला फ्रेंच नाही. ते काय काय बोलत होते आणि हा सवयीने मान हलवत 'बरा, बरा' म्हणत होता. आणि दर वेळी टपरीवाला उठून रस्त्यावर जाऊन गाडी येतेय का बघून यायचा. हे शेवटचं त्याने रंगवून सांगितलं असावं, असा मला आजही संशय आहे. पण तो म्हणतो की शपथ घेतो.

मी त्याला आईचं सांगितलं. त्याने पाव माझ्या हातात दिला, हात पॅंटला पुसले आणि म्हणाला, "फोन लाव."

आईला तो माहीत होता. तो फोनवर आला की आई आधी त्याला जेवलास का विचारते, मग मला.

"मावशी," तो म्हणाला, "तुमच्या मुलाने आज मला रस्त्यात सोडून दिलं."

"कोनी? यानी?"

"यानेच. तुमच्याशी बोलता बोलता."

मग त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं, काही न गाळता. स्पीकर चालू होता. आई मध्ये मध्ये विचारत होती. फोन होता का? नव्हता. कागदपत्रं? गाडीत. भाषा? एक अक्षर नाही. जेवलास? जेवलो.

"ररलास?"

त्याने आमच्याकडे पाहिलं. "थोडासा रडलो," तो म्हणाला. हे त्याने आम्हाला सांगितलं नव्हतं.

"मंग?"

"मग काय मावशी. त्यांनी खाऊ घातलं, गाडीत बसवलं, मी आलो. तुम्हाला तर एका टोकाला मुलगी बसवणार आणि दुसऱ्या टोकाला मुलगा उतरवून घेणार. मध्ये फक्त बसायचंय. आणि हा विमानतळावर फोनवर बोलत उभा राहिला तर मी आहे ना, मी येतो मार्कहॅमवरून."

तिकडे बहीण मागून काहीतरी म्हणाली, आईने तिला गप्प केलं. इकडे फेरीने भोंगा दिला आणि गाड्या पुढे सरकायला लागल्या.

"बरा," आई म्हणाली.

मी फोन त्याच्या हातातून घेतला. "आये, बरा म्हंजे काय? ऐकतंस का येतंस?"

"येतंय," आई म्हणाली. "बॅग भराला घेतंय. तू त्या पोराला आधी खायाला घाल."

आम्ही फेरीच्या कठड्याला टेकून तो पाव तिघांत खाल्ला, बाटलीतलं तेल ओतून ओतून. खाली पाण्यावर ऊन पसरलं होतं. मीठ थोडं कमी होतं, पण ते मी बोललो नाही.

जूनमध्ये आई आली. विमान बदलताना ती हरवली नाही, उलट एका गुजराती आजींना तिने गेटपर्यंत पोचवलं. हॅमिल्टनच्या घरात तिला पायरीशी हिवाळ्यातली उरलेली मिठाची बादली दिसली. चिमूट घेऊन तिने बोटांत चोळली, करडे खडे बघितले आणि विचारलं की यावर तुम्ही चालता? मी हो म्हटलं. तिने बादलीवर झाकण ठेवलं.

समारंभात ती पुणेकर आणि नागपूरकरच्या मधे बसली, पाचव्या रांगेत. माझं नाव पुकारलं तेव्हा ते चुकीचं पुकारलं, पण तिने ओळखलं. नंतर बाहेर हिरवळीवर माझे प्रोफेसर आले आणि तिचे दोन्ही हात हातात घेऊन इंग्रजीत बराच वेळ माझं कौतुक करत राहिले. आई त्यांच्याकडे बघत, मान डोलावत, दर वाक्याला म्हणत होती, "बरा. बरा, बरा."

नागपूरकरने पटकन प्रोफेसरांकडे बघितलं. मीही बघितलं. ते निघून गेले नाहीत. बोलतच राहिले.